लंकाबाईंचा टीव्ही गेला

लंकाबाई सांगळे नाशकात राहायला आल्या त्याला चार वर्षं झाली होती, आणि या चार वर्षांत मधुबन अपार्टमेंटमध्ये एकानेही त्यांना नावाने हाक मारली नव्हती. त्या 'रोहितची आई' होत्या. ज्यांना रोहित माहीत नव्हता त्यांच्या लेखी त्या 'तिसऱ्या मजल्यावरच्या, टीव्ही मोठ्याने लावणाऱ्या' होत्या. सिन्नर तालुक्यात, नांदूर-शिंगोट्याला, लंकाबाई नावाच्या पाच बायका होत्या. पण लग्नात पंगतीवरून भांडण जुंपलं तर त्यातली कोणती बोलवायची हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. इथे पाथर्डी फाट्यावर भांडणंसुद्धा मोबाईलवर व्हायची. लंकाबाईंना मिटवायला काही मिळायचं नाही.

रोहित अंबडच्या कंपनीत सुपरवायझर, सून शुभांगी एका पतसंस्थेत. सकाळी साडेनऊला घर रिकामं व्हायचं ते संध्याकाळी सहापर्यंत. मधल्या वेळात लंकाबाई आणि टीव्ही. रात्रीची मालिका दुपारी पुन्हा लागायची. रात्री पहिल्या जाहिरातीलाच लंकाबाईंचा डोळा लागत असल्यामुळे दुपारचा भाग त्यांना कोरा करकरीत असायचा.

या वर्षी चैत्र संपत आला होता. गच्चीवर इमारतीतल्या बायकांचं वाळवण पसरलेलं होतं: कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या. लंकाबाईंचं त्यात काही नव्हतं, कारण शुभांगी म्हणाली होती, "आई, आपण विकत आणू, तुम्ही कशाला त्रास घेता?" आणि सुनेने काळजीने बोललेल्या वाक्याला उत्तर नसतं. तर दुपारी तीनचा सुमार. मालिकेतल्या सासूने थोरल्या सुनेला थोबाडीत मारायला हात उचलला, आणि सासूचा हात चौकोन चौकोन होऊन हवेतच राहिला. मग पडदा निळा. 'सिग्नल उपलब्ध नाही.'

लंकाबाईंनी बॉक्सला दोन चापट्या मारल्या. कार्ड काढून पदराला पुसलं, परत घातलं. निळा तो निळाच. म्हणून त्या छत्रीला काय झालंय ते बघायला गच्चीवर गेल्या. त्यांच्या टीव्हीची छत्री पाण्याच्या टाकीशेजारी, सिन्नरच्या दिशेला तोंड करून बसवलेली होती. डोक्यावर ऊन होतं. पण सिन्नरच्या अंगाला आभाळ शाईसारखं झालं होतं. लंकाबाईंनी छत्रीचा नाद सोडला, पदर खोचला आणि दिसेल ते वाळवण चादरीसकट उचलून जिन्यात आणून ठेवलं. शेवटची कुरडई आत आली आणि गारा पडायला लागल्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या वत्सलाबाई धापा टाकत वर आल्या, तेव्हा त्यांच्या पाच किलो गव्हाच्या कुरडया जिन्यात कोरड्या ठणठणीत बसलेल्या होत्या. वत्सलाबाई महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. इमारतीत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं हो?" त्यांनी विचारलं.

"टीव्ही गेला ना," लंकाबाई म्हणाल्या. "म्हनून वर आले."

"टीव्ही गेला म्हणजे पाऊस येतो?"

"मला काय म्हाईत, बाई. आज तरी आला."

कुठल्याही गोष्टीचा नियम काढल्याशिवाय वत्सलाबाईंना चैन पडत नसे. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी तीनदा आभाळ आलं, आणि तिन्ही वेळा त्या भिंतीवरचं घड्याळ बघत लंकाबाईंच्या हॉलमध्ये बसून होत्या. टीव्ही गेल्यापासून पहिला थेंब पडेपर्यंत एकदा बारा मिनिटं, एकदा नऊ, एकदा अकरा. वत्सलाबाईंनी निष्कर्ष जाहीर केला: लंकाबाईंचा टीव्ही पावसाच्या आधी सरासरी पावणेअकरा मिनिटं जातो. इतरांच्या छत्र्या मागच्या इमारतीच्या आडोशाला खाली बसवलेल्या, त्यांच्याकडे एरवीही नीट दिसायचं नाही. शिवाय त्या घरांत दुपारी बघणारं कोणी नव्हतं.

आणि लंकाबाईंचे दिवस पालटले.

तळमजल्यावरची हर्षाली घरी बसून कंपनीचं काम करायची. लंकाबाईंनी गॅलरीतून "गेला गं!" अशी हाळी दिली की ती महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकायची: 'लंका आजींचा गेला.' पहिल्यांदा हा निरोप वाचून पलीकडच्या गल्लीतल्या दोघी पांढऱ्या साड्या नेसून आल्या. तेव्हापासून हर्षाली 'टीव्ही' हा शब्द आवर्जून लिहायला लागली. निरोप पडला की दहा मिनिटांत गच्ची मोकळी. भाजीवाल्यापाशी बायका लंकाबाईंना पुढे जाऊ द्यायच्या. "लंकाबाई, आज काय म्हणतोय?" असं लोक जिन्यात थांबून विचारायचे. एका अनोळखी गृहस्थाचा फोन आला, मुलीची हळद मोकळ्या पटांगणात ठेवावी का मांडव घालावा?

"कुठल्या बाजूचा पाऊस धरताय तुम्ही?" लंकाबाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"सिन्नरकडचा आसंल तर सांगते. घोटी-इगतपुरीचा माझ्याकडं नाय."

गृहस्थ म्हणाले, नाही नाही, सिन्नरचाच सांगा. त्यांना दुसरीकडच्या पावसाची भीती नसावी.

मात्र मान मिळाला की पाठोपाठ नियम येतात. सकाळी नऊ ते सहा टीव्ही बंद करायचा नाही. मध्येच चॅनेल बदलायचा नाही, बदलताना क्षणभर पडदा काळा होतो आणि गैरसमज होऊ शकतो. लंकाबाई आंघोळीला गेल्या तर टीव्हीसमोर कोणीतरी बसलंच पाहिजे. यासाठी वत्सलाबाईंनी पाळ्या लावल्या. शुभांगी एकदा डोकं दुखतंय म्हणून दुपारी लवकर घरी आली, तर सोफ्यावर पहिल्या मजल्यावरच्या सरिता वहिनी शेंगा सोलत बसलेल्या.

"आई कुठेत?"

"पार्लरवाल्या शेजारणीकडे बसल्यात. तू बाजूला हो जरा शुभांगी, मला दिसत नाहीये."

रात्री शुभांगी भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, हे आपलं घर आहे का हवामान खातं?"

"बायकांचं वाळवन वाचतंय, शुभा."

"आणि आपली वीज?"

सून खोटं बोलत नव्हती. पण परवाच पार्लरवाल्या शेजारणीने त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं होतं आणि चहात आलं चालतं का विचारलं होतं. चालतं का, असं त्यांना नाशकात कोणी पहिल्यांदाच विचारत होतं.

मग मे महिन्यातल्या एका मंगळवारी घात झाला.

त्या दिवशी टीव्ही कसा दिसत होता म्हणून सांगू! एक ठिपका नाही की मुंगी नाही. महिनाभर हवेत लटकलेला सासूचा हात पुन्हा एकदा उठला, आणि या वेळी थेट थोरल्या सुनेच्या गालावर बसला. लंकाबाईंनी मांडीवर थाप मारली. "हान! लय दिवस झाले होते!" पार्श्वसंगीताचा एवढा गजर झाला की गच्चीवरचा आवाज त्यांना ऐकूच आला नाही. मालिका संपल्यावर त्या गॅलरीत आल्या, तर गॅलरीतून पाण्याचे ओघळ वाहत होते. पाऊस त्र्यंबकच्या बाजूने आला होता. पाठीमागून, चोरासारखा.

वत्सलाबाईंचे ऐंशी नागलीचे पापड गच्चीवर होते. त्यांची आता एकच नागली होती, करडी, पातळ, आणि ती पन्हाळीतून खाली येत होती.

वत्सलाबाई रागावल्या नाहीत. त्या जिन्यात नुसत्या म्हणाल्या, "असू दे, रोहितच्या आई. यंत्रच ते."

रोहितच्या आई! लंकाबाईंना त्या दिवशी रात्री जेवण गेलं नाही. महिनाभरात कमावलेलं नाव ऐंशी पापडांबरोबर पन्हाळीतून गेलं होतं.

सकाळी त्या आपण होऊन वत्सलाबाईंच्या दारात गेल्या. "बाई, माझ्या छत्रीचं तोंड सिन्नरकडं हाय. तिकडचंच दिसनार तिला. माणूस तरी पाठीमागचं कुठं बघतो?"

वत्सलाबाईंचा चेहरा उजळला. हा मुद्दा त्यांच्या लक्षातच आला नव्हता. "मग तोंड फिरवू या. सिन्नरचा पाऊस आता संपत आला. यापुढचा सगळा त्र्यंबककडूनच यायचा आहे."

छत्रीवाल्या राकेशला बोलावणं गेलं. तो गच्चीवर आला, दोघींचं म्हणणं ऐकलं, आणि त्याने हातातला पाना परत पिशवीत ठेवला.

"मावशी, असं नसतं. उपग्रह त्या बाजूला आहे. सगळ्या छत्र्या तिकडेच बघतात."

"आणि त्र्यंबकच्या बाजूला?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"आपल्या कंपनीचा काही नाही."

"एकही नाही?"

"नाही."

"सिंहस्थ तोंडावर आलाय," वत्सलाबाई त्याच्याकडे तो नापास झाल्यासारख्या बघत म्हणाल्या, "लाखो माणूस यायचं आहे, रस्ते खणून ठेवलेत, आणि त्र्यंबकला एक उपग्रह नाही?"

राकेश म्हणाला, ते माझ्या हातात नाही, आणि निघून गेला. एवढं कमी शिकलेल्या माणसावर अवलंबून राहण्यात अर्थ नव्हता. वत्सलाबाईंनी खालून वरवंटा मागवला. लंकाबाई स्टुलावर चढल्या, गंजलेल्या नटावर वरवंट्याचे चार ठोके घातले, आणि दोघींनी मिळून छत्रीचं तोंड त्र्यंबककडे केलं. वत्सलाबाईंनी लांबून एक डोळा मिटून बघितलं आणि थोडं ब्रह्मगिरीवर धरायला सांगितलं.

खाली येऊन बघतात तो पडदा निळा.

"गेला," लंकाबाई म्हणाल्या.

"बघा!" वत्सलाबाई म्हणाल्या. "बसवल्याबरोबर कामाला लागला. त्र्यंबकला पाऊस लागलाय."

ग्रुपवर निरोप पडला. गच्ची रिकामी झाली. अकरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला, पाऊस नाही. वत्सलाबाईंनी हिशेब केला: त्र्यंबक सिन्नरपेक्षा डोंगराळ, तिकडून यायला वेळ लागणार. संध्याकाळपर्यंत आला नाही. दुसऱ्या दिवशी टीव्ही निळाच, वर ऊन असं की गच्चीवर चप्पल चिकटावी. सगळ्या मधुबनमध्ये ओल्या कुरडया पलंगांवर, टेबलांवर, सरिता वहिनींच्या देव्हाऱ्यासमोर पंख्याखाली पसरलेल्या. माणसं जमिनीवर झोपली. हर्षालीने मोबाईलमध्ये बघून सांगितलं, "त्र्यंबकला एकोणचाळीस डिग्री आहे, पावसाची शक्यता शून्य."

"मोबाईलचं काय," वत्सलाबाई म्हणाल्या, "तो काहीही सांगतो. इथे आपला अनुभव आहे."

तिसऱ्या दिवशी जिन्याला आंबूस वास यायला लागला. लंकाबाई गच्चीवर जाऊन आल्या होत्या. वर बघितलं होतं, चारी बाजूंना बघितलं होतं. वारा पडलेला नव्हता, कावळे निवांत होते, ढगाचं एक बोटसुद्धा कुठे नव्हतं. पन्नास वर्षं त्यांनी आभाळ बघून कांदा झाकला होता आणि उघडला होता. छत्री आपण चुकीची फिरवली हे त्यांना पहिल्याच दिवशी कळून चुकलं होतं. पण ते म्हटलं की टीव्ही बिघडला, आणि टीव्ही बिघडला की आपण पुन्हा तिसऱ्या मजल्यावरच्या. दोन दिवस त्यांनी ही गोष्ट गिळून ठेवली. तिसऱ्या दिवशी कुरडयांचा वास गिळवेना.

जिन्यात बायका जमल्या होत्या. लंकाबाई म्हणाल्या, "घाला वाळत. आज पाऊस नाय."

"टीव्ही आला का?" तिघींनी एकदम विचारलं.

"नाय. पन पाऊस नाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"वर बघून."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "नुसतं वर बघून?" वत्सलाबाई मायेने म्हणाल्या. "लंकाबाई, तुम्ही दमल्या आहात. आणि वर काय सगळ्यांनाच दिसतं हो."

एकीनेही चादर उचलली नाही.

त्या संध्याकाळी रोहित हसत घरी आला. तीन दिवस निळा पडदा बघून त्याला वाटलं होतं, आईच्या टीव्हीने राम म्हटला. त्याने छत्री काढून टाकून फायबरचं कनेक्शन घेतलं होतं. "आता वादळ येऊ दे का गारा पडू दे," तो वायर जोडणाऱ्या माणसाच्या मागे उभा राहून म्हणाला, "तुझी मालिका तुटायची नाही, आई. जमिनीखालून येतं हे."

लंकाबाईंचं तोंड उतरलं. तेवढ्यात वार्ता लागून वत्सलाबाई वर आल्या, मागे सरिता वहिनी आणि हर्षाली.

"रोहित, हा टीव्ही पावसात जात नाही म्हणे?"

"अजिबात नाही, काकू."

"मग त्याचा उपयोग काय?"

रोहितने डोळे मिटून उघडले. "काकू, टीव्ही बघायला असतो."

"बघायला आहेत ना घरोघरी. सगळ्या मधुबनमध्ये जाणारा हा एकच होता."

रोहित बारा तासांची शिफ्ट करून आला होता आणि त्याला जेवायचं होतं. "जातो, काकू," तो म्हणाला. "हासुद्धा जातो. महिन्यातून चार-पाचदा जातोच जातो."

"मग हरकत नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. पडद्यावर चित्र आलं आणि जिन्यातून आनंदाचा गलका झाला: "आला! आला!" दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत झाडून सगळ्या कुरडया गच्चीवर होत्या. सरिता वहिनींनी देव्हाऱ्यापुढची जागा पुसून देवाची माफी मागितली.

तो दिवस शनिवार. शुभांगीला सुट्टी होती, ती आत कपड्यांच्या घड्या घालत होती. लंकाबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या, पण त्यांची मान गॅलरीकडे होती. अडीचला झुळूक थांबली. समोरच्या वायरीवरचे पारवे उठून टाकीखाली गेले. त्र्यंबकच्या अंगाला, डोंगराच्या वर, आभाळाने रंग बदलला. लंकाबाईंनी टीव्हीकडे बघितलं. थोरली सून सामान बांधत होती, तिच्या पापणीचा केस अन् केस वेगळा दिसत होता.

"जा की गं बाई आता," लंकाबाई पडद्याला म्हणाल्या. गेला नाही. त्यांनी बॉक्सला चापट मारली. तो नवा होता, त्याने मनावर घेतलं नाही.

खाली सगळ्या बायका लंकाबाईंच्या भरवशावर गाढ झोपल्या होत्या. वर बघून सांगितलं तर कोणी उठणार नव्हतं, ते कालच कळलं होतं. लंकाबाई उठल्या, गॅलरीत गेल्या, कठड्याला पोट टेकवलं आणि गावच्या आवाजात ओरडल्या, "गेलाऽऽ! टीव्ही गेला गं बायांनोऽऽ!"

दारं धडाधड उघडली. जिन्यात पावलं वाजली.

शुभांगी हातात उशीचा अभ्रा घेऊन बाहेर आली. "आई, चालू तर आहे!"

लंकाबाईंनी वळून बघितलं. सून, टीव्ही आणि उघडं दार, तिन्ही एका नजरेत आलं. इतकी वर्षं त्या या घरात काही न मागता राहिल्या होत्या, आणि आता सुनेपाशी मागायचं तर ते हे.

दुसऱ्या मजल्यावरून वत्सलाबाईंचा आवाज चढत येत होता, "मी आधी खात्री करून घेते, तुम्ही व्हा पुढे!"

शुभांगीने गॅलरीतून त्र्यंबककडे एकदा बघितलं. मग रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

वत्सलाबाई दारात आल्या, काळ्या पडद्याकडे बघून मान डोलावली. "निळा नाही आला या वेळी?"

"नवीन आहे ना, काकू," शुभांगी म्हणाली. "फायबरचा काळा येतो."

"आणि सिन्नरचा आहे की त्र्यंबकचा?"

"आता दोन्ही बाजूंचं पॅकेज घेतलंय यांनी."

वत्सलाबाई समाधानाने वर धावल्या. कुरडया आत आल्या आणि सात मिनिटांत पाऊस पडला, तोही त्र्यंबकचा. जिन्यात बायकांनी भिजल्या साड्या पिळत फायबरची तारीफ केली. वत्सलाबाईंनी सोमवारी सांडगे घालायचं जाहीर केलं आणि म्हणाल्या, "लंकाबाई, डाळ तुम्ही वाटायची. मिठाचा अंदाज मला तुमच्याशिवाय कोणाचा खपायचा नाही." लंकाबाईंच्या हातचं मीठ त्यांनी अजून चाखलेलंही नव्हतं.

सगळ्या गेल्यावर शुभांगीने दार लावलं आणि कमरेवर हात ठेवले.

"म्हणजे आता मी रोज खोटं बोलायचं?"

"रोज नाय गं," लंकाबाई म्हणाल्या. "आभाळ आलं तरच."